आवाज घरचा

मुलुंडच्या रस्त्यावर ‘शिरीष टिपणीस कोण?’ असं विचारलं असतं, तर ‘कोण बुवा?’ हेच उत्तर आलं असतं. पण त्याने तोंड उघडलं की भाजीवाली वजन करता करता थांबायची. ‘साहेब, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय,’ म्हणायची. मग शिरीष छाती भरून श्वास घ्यायचा, गवारीच्या ढिगावर नजर रोखायचा आणि खर्जात म्हणायचा, ‘मागे व्हा. मी आहे ना.’ भाजीवाली खुळ्यासारखी हसायची आणि कोथिंबीर फुकट मिळायची.

‘अखेरची कक्षा’ या अमेरिकन चित्रपटमालेतला कॅप्टन कोल मराठीत बोलायचा तो शिरीषच्या गळ्यातून. मूळ इंग्रजीत कोल नुसतं ‘मागे व्हा’ एवढंच गुरकावतो. पण मराठी वाक्य संपल्यावरही पडद्यावर त्याचे ओठ हलत राहिले, आणि ती रिकामी जागा भरायला शिरीषने माइकसमोर उभ्या उभ्या ‘मी आहे ना’ जोडलं. ते तीन शब्द मग टी-शर्टवर आले, रिक्षांच्या पाठीवर आले, निवडणुकीत एका उमेदवाराने चोरलेसुद्धा. अमेरिकेत म्हणे लोक हा सिनेमा मक्याच्या लाह्या चघळत मुकाट बघतात. जालन्यात तसं नव्हतं. तिथे खलनायक गव्हर्नर ड्रेस्क कुठे दबा धरून बसलाय, ते लोक ओरडून कोलला सांगायचे, आणि कोलने ‘मी आहे ना’ म्हटलं की थिएटर डोक्यावर घ्यायचे. शिरीष खास एसटीने जाऊन अंधारात मागच्या रांगेत बसून ते ऐकून यायचा. कौतुकाची भूक त्याला होतीच, आणि कोणाला नसते?

गळ्याला मात्र तो देवासारखा जपायचा. ज्येष्ठमध, कोमट पाणी, दही वर्ज्य, आणि मुख्य म्हणजे ओरडणं वर्ज्य. त्याचे वडील, रोह्याचे भाऊ टिपणीस, ओरडले की नदीपलीकडे ऐकू जायचं. आपण तसं व्हायचं नाही, हे शिरीषने लहानपणीच ठरवलं होतं. रागावायची वेळ आली तर तो आवाज उलट खाली आणायचा, अगदी छातीच्या तळाशी, आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचा. घशाला त्रास नाही. लग्न झाल्यापासून बायकोवर एकदाही आवाज चढवलेला नाही, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगे. नेमकं तेव्हाच वृंदाला पाणी आणायला आत जायचं असे.

ज्या वर्षी नवा ‘मणी’ आला, त्या वर्षी अंधेरीतला त्यांचा डबिंग स्टुडिओ बंद पडला. शिरीष शेवटचा हिशेब करायला गेला, तेव्हा त्याच्या बूथमधल्या भिंतींचा फोम दोन माणसं सोलून काढत होती. सायमन डिमेलो, वसईचा, शिरीषचा जुना ध्वनिमुद्रक, खुर्चीवर बसून बघत होता. सायमनला मण्याच्या नव्या कंपनीने ठेवून घेतलं होतं. मराठीची ध्वनिपट्टी जुळवून देणारं कोणीतरी त्यांना हवंच होतं.

‘गरज सरो, वैद्य मरो,’ शिरीष म्हणाला. ‘आता कोल बोलणार कोणाच्या आवाजात?’

‘ज्याच्या त्याच्या,’ सायमन म्हणाला. ‘बस. सांगतो.’

गोष्ट अशी होती. हॉलिवूडच्या सिनेमाची निम्म्याहून जास्त कमाई बाहेरच्या देशांतली. स्फोट, अवकाशयानं, पडणाऱ्या इमारती यांना भाषा लागत नाही, पण माणूस बोलायला लागला की परका होतो. खाली भाषांतराच्या पाट्या दिल्या तर डोळे पाट्यांवर आणि चेहरे वाया. डबिंग केलं तर कान शंभर टक्के कधीच फसत नाही. मग एका प्रयोगशाळेत असं दिसून आलं, की ओळखीचा आवाज कानावर पडला की त्याचा अर्थ कळायच्या कितीतरी आधी अंगाला तो कळलेला असतो. श्वास बदलतो, नाडी बदलते, कातडीला किंचित घाम सुटतो. आईने नुसतं ‘अगं’ म्हटलं तरी लेकीचे खांदे सैल होतात, मग पुढचं वाक्य काही का असेना. हे मोजायचं साधन म्हणजे मणी. चवळीच्या दाण्याएवढा, कानामागे चिकटवायचा.

‘थिएटरात बसलास की पहिली काही मिनिटं नुसतं आकाश दिसतं पडद्यावर,’ सायमन सांगू लागला. ‘तेवढ्यात मणी तुझ्या कानात कुजबुजतो. तुझ्या फोनमधले कॉल, लग्नाचे व्हिडिओ, घरातल्या भिंतीवरचा तो बोलका डबा, जिथे जिथे तुझ्या माणसांचे आवाज साठलेत तिथून उचलून एकेक अक्षर ऐकवतो, आणि तुझं अंग काय करतं ते बघतो. ज्या आवाजाने अंग सैल पडतं, तो आवाज हिरोला, अंग थोडंफार हलवणारे इतर आवाज बारीकसारीक पात्रांना. बाईचा असला तर पट्टी खाली आणतो, पण लकब तीच, श्वास तोच. माणूस ओळखू येतोच.’

‘आणि व्हिलन?’

‘त्याचंही तेच, फक्त उलट. ज्या आवाजाने अंग आवळून येतं, तो ड्रेस्कला. जाहिरातीत हे सांगत नाहीत.’

‘म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला काम मिळालं म्हण!’ शिरीष खो खो हसला.

सायमन हसला नाही. ‘गोष्ट त्यांची, आई आपली,’ तो म्हणाला. ‘आपल्याच माणसांचे आवाज घेऊन ते आपल्याला विकतात, आणि आपण रांगा लावतो. आमच्या वसईत जुन्या भागावर मण्याची चाचणी चाललीय, तिथे एक बाई नवऱ्याला जाऊन वर्ष झालं तरी रोज दुपारचा शो बघते. तिला सिनेमातलं काही कळत नाही. कोल बोलतो, तेवढं ऐकते नि उठून येते.’

एखाद्या शहाण्या माणसाला हे ऐकून धास्ती वाटली असती. शिरीषला आनंद झाला. त्याचं गणित सोपं होतं. आपल्याला काढलं ते जगाच्या कानातून. घरच्या कानातून कोण काढणार? तीस-बत्तीस वर्षं ज्या घराने रोज हा आवाज ऐकला, त्या घरात कोल दुसऱ्या कोणाच्या आवाजात बोलूच शकत नाही.

‘अखेरची कक्षा’चा नवा भाग जगभर एकाच शुक्रवारी लागला आणि पंधरवड्यात लोकांच्या बोलण्याचा नूर पालटला. पूर्वी थिएटरबाहेर ‘कसा आहे?’ विचारायचे, आता ‘कोणाचा?’ विचारू लागले. कोणाला आईचा, कोणाला गावाकडच्या मास्तरांचा. साकोरीच्या एका नवरदेवाला मेव्हणीचा ऐकू आला आणि तो तसं बोलून बसला. सासवा-सुनांनी एकत्र जाणं सोडलं. ओसाकात, लागोसमध्ये, लिमामध्ये हेच चाललं होतं म्हणे. सगळं जग एकच सिनेमा बघत होतं आणि कोणीही तोच सिनेमा बघत नव्हतं. मराठी चित्रपटांना असला मणी कुठून परवडणार? ते मुकाट्याने थिएटरांतून उतरले.

वितरकांच्या कचेरीतून शिरीषला फोन आला. रविवारी सकाळी मुलुंडच्या मल्टिप्लेक्समध्ये खास खेळ ठेवतोय, कोलचा मूळ मराठी आवाज म्हणून तुमचा सत्कार, कुटुंबाला घेऊन या, खेळ संपल्यावर मंचावर दोन प्रश्न विचारू. घोषवाक्यही ठरलं होतं: ‘हिरो परका, आवाज घरचा.’

‘मी नाही येत,’ वृंदा म्हणाली. ती वाल सोलत होती. ‘ते मणी-बिणी मला नको. तुम्ही जा ना.’

‘अगं, लोक तुलाच विचारणार. मी एकटा जाऊन काय करू?’

‘मला नाही जमत लोकांसमोर.’

शिरीषने पेपर बाजूला ठेवला. ‘वृंदा,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘मी. एक. गोष्ट. मागतोय.’

वृंदाच्या बोटांतला वाल निसटून ताटाबाहेर गेला. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘ऋजूला पण बोलावू?’

ऋजुता, त्यांची एकुलती एक मुलगी, नाशिकला असायची. तिथे एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. बापाच्या फोनला तिचं उत्तर ‘बघते’ असायचं, आईच्या फोनला ती दुसऱ्या दिवशी दारात असायची. हे शिरीषला दिसत होतं, पण मुली आईच्या असतात, असं म्हणून त्याने ते केव्हाच निकालात काढलं होतं. बापाला ‘तुम्ही’ म्हणणारी तिच्या वर्गात ती एकटीच होती, याचंही त्याला कौतुकच वाटायचं. संस्कार म्हणायचा.

रविवारी तिघं पहिल्या रांगेच्या मधोमध बसली. शिरीष मध्ये, दोन्ही बाजूंना दोघी. कानामागे मणी बसले. पडद्यावर आकाश आलं, आणि शिरीषच्या कानात पुटपुटणं सुरू झालं. कोणाकोणाची अक्षरं सरकत गेली. मग यानाचं दार उघडलं, कॅप्टन कोल बाहेर आला, धुरातून डोळे बारीक करून त्याने समोर पाहिलं आणि तो बोलला.

शिरीषच्या आवाजात.

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जगात स्वतःच्याच आवाजाने ज्याचं अंग सैल पडतं असा तो एकटाच नसेल, पण त्याला ते सुचलं नाही. त्याने सुतावरून स्वर्ग गाठला: मला हा ऐकू येतोय, म्हणजे या दोघींनाही हाच. थोड्या वेळाने गव्हर्नर ड्रेस्क आला आणि रोह्याच्या भाऊंच्या आवाजात गरजला. शिरीष खुर्चीत दचकला. कुठल्या जुन्या मुंजीच्या चित्रफितीतून यंत्राने म्हाताऱ्याला उकरून काढलं होतं कोण जाणे. मग त्याला बरंही वाटलं. बघा भाऊ, तुम्ही कोण झालात आणि मी कोण झालो.

मधूनमधून तो दोघींकडे बघत होता. कोल बोलायला लागला की वृंदाचा चेहरा असा मऊ व्हायचा, जसा त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही पाहिला नव्हता. ड्रेस्क आला की तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला जायचा, नखं पांढरी व्हायची. पलीकडे ऋजुताने तर पाय वर घेतले होते. शेवटी ड्रेस्क कड्यावरून खाली गेला, तेव्हा दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला, आणि ऋजुता रडायला लागली. शिरीषने तिच्या डोक्यावर थोपटलं. बापाच्या पराक्रमाने पोरगी हेलावली, दुसरं काय!

मंचावर शाल झाली, नारळ झाला. रेडिओवरची एक चटपटीत निवेदिका माइक घेऊन वृंदासमोर आली. ‘काकू, आता खरं खरं सांगायचं हं! कोल कोणाच्या आवाजात बोलला?’

वृंदाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. ‘यांच्याच,’ ती म्हणाली. ‘आणखी कोणाच्या बोलणार?’

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘आणि तुला गं?’

‘आईसारखंच,’ ऋजुता म्हणाली आणि मंचावरून खाली उतरली.

घरी येईपर्यंत शिरीषचे पाय जमिनीला लागत नव्हते. वृंदाने सकाळीच बिरडं करून ठेवलं होतं. ताटं वाढली. तो बिरड्याचं कौतुक करत होता, निवेदिकेची नक्कल करत होता, रोह्याच्या भाऊंची गंमत सांगत होता.

‘म्हणजे मला ड्रेस्क आमच्या भाऊंच्या आवाजात, बोला!’ तो म्हणाला. ‘सायमन सांगत होता, ज्याच्या आवाजाने अंग आवळतं त्याचा येतो. तुम्हाला कोणाचा आला? वृंदा, तू नोकरीला होतीस त्या बँकेतल्या मॅनेजरचा ना? नक्की त्याचाच.’

‘आठवत नाही,’ वृंदा म्हणाली. ‘भात वाढू?’

‘आत्ता बघून आलीस आणि आठवत नाही? ऋजू, तुला?’

ऋजुताने बिरड्याचं भांडं आईकडे सरकवलं.

‘अगं सांग ना, गंमत म्हणून विचारतोय.’

‘बाबा, जेवा ना.’

शिरीषला उगाचच लागलं. सकाळपासूनचा सगळा आनंद या दोघी मिळून मुद्दाम मिळमिळीत करताहेत असं वाटलं. त्याने घास ताटात ठेवला, आणि त्याचा आवाज आपोआप खाली उतरला, जिथे तो नेहमी उतरायचा तिथे.

‘ऋजुता. मी. काहीतरी. विचारलंय.’

दोघींचे हात ताटावर जागच्या जागी थांबले. वृंदाचा डावा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला आणि नखं पांढरी झाली.

‘हाच,’ ऋजुता म्हणाली.

‘काय?’

‘हाच आवाज. आत्ता बोललात तो.’

बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. शिरीषला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

‘मी? अगं, मी तुमच्यावर कधी ओरडलो? एकदा तरी? सांग, कधी आवाज चढवला?’

‘नाही चढवला,’ ऋजुता म्हणाली. ‘आपल्या शेजारचे करंदीकरकाका चढवायचे. घर दणाणायचं. पाच मिनिटांनी तेच काका कुल्फी घेऊन यायचे. मला वाटायचं, आपले बाबा असे का नाही ओरडत? तुम्ही हळू बोलायचात. माझ्या हातून दार आपटलं, म्हणून तुम्ही मला पानासमोर उभं करून बोललात, आठवतंय? वरण गार होऊन साय धरेपर्यंत. एकही वाईट शब्द नाही. शब्दागणिक थांबत होतात, जसं काही माझ्या तोंडावर बसवताय. मी आजसुद्धा दार लावताना कडी हातात धरून लावते. एकटी असले तरी.’

‘पुरे, ऋजू,’ वृंदा म्हणाली.

‘वृंदा, तू मंचावर सांगितलंस…’

‘मग काय सांगणार होते तिथे?’ वृंदाने पहिल्यांदाच वर पाहिलं. ‘शाल होती तुमच्या अंगावर.’

‘मग कोल? कोल कोणाचा होता?’

‘हिचा,’ वृंदा म्हणाली. ‘माझ्या ऋजूचा.’

ऋजुताने झटकन मान वर केली. ‘आई? खरं? अगं, मला तुझा!’

आणि मग जे झालं ते शिरीष समोर बसून नुसतं बघत राहिला. त्या दोघींना ते एकमेकींचं ठाऊकच नव्हतं. ऋजुता उष्ट्या हातानेच आईच्या गळ्यात पडली, वृंदा रडता रडता हसत होती, आणि ‘कोल झाले होते मी? एवढा धिप्पाड?’ असं विचारत ऋजुताही हसत होती. इतकी वर्षं ह्या दोघी एका राक्षसापासून एकमेकींना सोडवत होत्या, आणि तो राक्षस समोर बसून बिरडं खात होता. शिरीषला रडू आलं नाही. त्याला भयंकर एकटं वाटलं, आणि त्याहून भयंकर म्हणजे, ह्यात माझं काय चुकलं हे अजूनही त्याला नीट कळेना.

कळायला आठवडा गेला. आठवडाभर तो मनातल्या मनात स्वतःचं जुनं बोलणं ऐकत राहिला, आणि आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला त्या हळू बोलण्यातला धाक शेवटी ऐकू आलाच. मग तो वसईला सायमनकडे गेला.

‘काढून टाक माझा आवाज,’ तो म्हणाला. ‘वृंदाच्या मण्यातून. तू करू शकतोस.’

‘मण्यातून काढून काय होणार?’ सायमन म्हणाला. ‘आवाज मण्यात नाही रे, तिच्या अंगात आहे. मणी फक्त बघतो.’

‘मग अंगातून कसा जाईल?’

‘न ऐकून,’ सायमन म्हणाला. ‘कानावर पडलाच नाही तर अंग हळूहळू सोडून देतं. चटका बसलेली जागा जशी विसरते तसं. पण शिरीष, बाबा, नीट बोललास तरी…’

‘नीट कसं बोलायचं?’ शिरीष म्हणाला. ‘परवा मऊ आवाज काढून तिला चहा विचारला. म्हणाली, कोणाचं डबिंग करताय?’

त्या दिवसापासून त्याने बोलणं सोडलं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी गळ्याला विश्रांती म्हणून मौन पाळायची त्याला सवय होतीच, आता तेच लांबवलं. वृंदाला सांगितलं, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय. हातवारे, मान, फारच अडलं तर फोनवर दोन शब्द लिहून दाखवायचे. आधी आधी वृंदा जास्तच घाबरून असायची, कारण या घरात शांतता ही नेहमी कशाच्या तरी आधीची असायची. ती वाट बघत राहायची. पुढचं काही यायचंच नाही.

मग ती हळूहळू बोलू लागली. आधी फोनवर, मग भांडी घासायला येणाऱ्या लताबाईंशी, मग एकटीच. स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू यायला लागलं, नि ती सुरात गुणगुणते हे शिरीषला साठी उलटल्यावर कळलं. बँकेतल्या मैत्रिणी भिशीला घरी यायला लागल्या. ऋजुता महिन्यातून दोनदा येऊ लागली आणि दारं धाडकन लावू लागली. एकदा तर वृंदा त्याच्यावरच ओरडली, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, चांगली तारस्वरात. शिरीषने टॉवेल उचलला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला होता, की तो कोणाला सांगावा असं वाटत होतं, आणि सांगता येत नव्हतं. भाजीवालीसुद्धा आता त्याला ओळखेना. बोटाने दाखवून भाजी घेणाऱ्या म्हाताऱ्याला कोण फुकट कोथिंबीर देतं?

सोपं नव्हतं ते. जो माणूस आयुष्यभर आवाजावर जगला, त्याला सकाळी उठून ‘आज गारवा आहे’ एवढंही म्हणता येऊ नये! पण तो सहन करत राहिला, आणि मनात मांडे खात राहिला. ड्रेस्क गेला की जागा रिकामी होईल. रिकाम्या जागी माणूस काहीतरी चांगलं भरू शकतो. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, एकेक शब्द, साध्या आवाजात.

अमेरिकन लोक एका यशावर थांबत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी ‘अखेरची कक्षा’चा पुढचा भाग आला. कड्यावरून पडलेला ड्रेस्क अर्थातच जिवंत निघाला होता. या वेळी तिकिटं वृंदानेच काढली, रविवारची, दुपारची. ‘चला हो,’ ती म्हणाली, ‘बघून येऊ.’

शिरीषने स्वतःचा मणी लावलाच नाही. त्याला सिनेमा बघायचाच नव्हता. तो वृंदाचा हात बघत होता. आकाश गेलं, कोल आला, वृंदा हसली. मग पडद्यावर अंधार पडला, ते काळं यान आलं, ड्रेस्कच्या बुटांचा आवाज आला, आणि शिरीषने श्वास रोखला. ड्रेस्क बोलायला लागला. वृंदाचा हात दांड्यावर उघडा पडून होता, तळवा वर, झोपेत असतो तसा. पुढच्या प्रसंगात ड्रेस्कने एक अख्खं शहर बेचिराख केलं, आणि वृंदाने त्याच हाताने शिरीषच्या पुड्यातल्या लाह्या घेतल्या. शिरीषला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. जिंकलो!

बाहेर आल्यावर त्याने दोन चहा घेतले. गर्दीतून जरा बाजूला, काचेजवळ दोघं उभी राहिली. वृंदा खुशीत होती, कोलने यान कसं वळवलं ते हाताने दाखवत होती. शिरीषने घसा साफ केला. इतक्या दिवसांत न वापरलेला तो आवाज गंजलेल्या कडीसारखा करकरत बाहेर आला.

‘ड्रेस्क,’ तो म्हणाला, ‘आज कोणाचा होता?’

‘कोण जाणे,’ वृंदा म्हणाली. ‘कोणीतरी परकाच होता. मला तर त्याचं हसूच येत होतं.’

‘आणि कोल?’

‘कोल ऋजूच. ती कुठे जातेय?’

शिरीषने चहाचा कप काचेच्या कडेवर ठेवला. विचारू नये असं त्याला वाटलं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

‘आणि मी? मी कोणात होतो?’

वृंदाने मनापासून आठवून पाहिलं. ती खोटं बोलायच्या विचारात नव्हती, आणि दुखवायच्या तर मुळीच नव्हती. ‘तो यानावरचा म्हातारा डॉक्टर होता ना, तो आमच्या दादाच्या आवाजात बोलला,’ ती म्हणाली. ‘ती राणी म्हणजे माझी आई. फाटकावरचा शिपाई, एकच वाक्य होतं बघा त्याला, तो आमच्या दूधवाल्याच्या आवाजात. इतकं हसू आलं…’ तिने पुन्हा एकदा सगळा सिनेमा डोळ्यांसमोरून नेला. ‘नाही हो. तुम्ही नव्हता कुठे.’

शिरीषने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसती घरघर आली.

‘बघा, घसा किती धरलाय तुमचा,’ वृंदा मायेने म्हणाली आणि तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. कितीतरी वर्षांत तिने असा आपणहून हात ठेवला नव्हता. ‘नका बोलू. आता सवय झालीय, असंच बरं आहे.’

मग तिने ऋजुताला फोन लावला आणि सिनेमा किती छान होता ते सांगत ती जिन्याकडे चालू लागली. शिरीष दोन्ही कप घेऊन तिच्या मागोमाग गेला.